आजारातून उठल्यावर प्रवासाला निघताना: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरता सरता नाशिकमध्ये डेंग्यू, चिकनगुनिया, टायफॉइड यांची रांग लागते. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे दिवाळीची तिकिटं कधीच काढून झालेली असतात आणि मधल्या काळात घरातलं कुणीतरी अंथरुणाला खिळतं. मग फोन सुरू होतात. मी इथून लहान सहली नेते, त्यामुळे हे प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतात. मी डॉक्टर नाही. औषधाचा आणि तपासणीचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच. पण प्रवास म्हणजे नेमकं काय काय करावं लागतं, हे डॉक्टरांपेक्षा मला जास्त ठाऊक आहे, आणि बहुतेक घोळ तिथेच होतो.

ताप जाऊन तीन-चार दिवस झाले. आता निघायला हरकत नाही ना?

ताप कशाचा होता, यावर ते अवलंबून आहे. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच जपायचं असतं. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप खाली येतो आणि पुढचे २४ ते ४८ तास सगळ्यात नाजूक असतात. घरचे "उतरला एकदाचा" म्हणून सुटकेचा श्वास टाकतात, तेव्हाच रक्तदाब कोसळू शकतो. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, माणूस सुस्त किंवा उगाच बेचैन होणं, यातलं काहीही दिसलं तर प्रवासाचा विषय बंद आणि थेट दवाखाना. हा काळ पार पडून प्लेटलेट वर येऊ लागल्या की धोका टळतो. पण अशक्तपणा कित्येक आठवडे राहतो. रिपोर्ट नॉर्मल आणि पायात त्राण नाही, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

टायफॉइडची तऱ्हा निराळी. गोळ्यांनी ताप जातो, भूक लागते, माणूस हिंडूफिरू लागतो आणि दोन-तीन आठवड्यांनी काहींना तोच ताप पुन्हा येतो. अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडला असेल तर आणखीच. म्हणून कोर्स पूर्ण झाल्याशिवाय लांबचा प्रवास ठरवू नका, आणि ठरवलात तर निदान पंधरवडाभर अशा ठिकाणी जा जिथे रक्त तपासायची सोय आहे.

मलेरिया व्हायवॅक्स या प्रकारचा असेल तर त्याचे जंतू यकृतात दबा धरून बसतात. त्यासाठी प्रायमाक्विनच्या गोळ्या सहसा १४ दिवस दिल्या जातात (आधी जी-सिक्स-पीडी ही रक्ततपासणी करून). "आता ताप नाही, कशाला घ्यायच्या" म्हणून त्या घरी ठेवून लोक कोकणात जातात. असं करू नका.

डॉक्टर म्हणाले "जा की", पण मला तर जिना चढताना धाप लागते. कुणाचं ऐकू?

तुम्ही डॉक्टरांना काय विचारलंत ते आधी सांगा. "डॉक्टर, दिवाळीत बाहेर जाऊ का?" असं विचारलंत, तर ते "जा" म्हणणारच. त्यांच्या डोळ्यांसमोर गाडीत बसून बहिणीकडे जाणारा पेशंट आहे. तुमच्या मनात मात्र पहाटे तीनला उठणं, नाशिकरोडपर्यंत रिक्षा, पूल चढून पलीकडचा प्लॅटफॉर्म, अकरा तास गाडी आणि उतरल्याबरोबर दर्शनाची रांग आहे. तेवढंच सगळं चिठ्ठीवर लिहून न्या: किती तास बसायचं, किती चालायचं, किती पायऱ्या, कुठे उंचावर, मुक्कामाच्या गावी दवाखाना आहे की नाही. ही चिठ्ठी वाचल्यावर डॉक्टरांचं उत्तर बदललेलं मी पाहिलंय.

आणि घरच्या घरी एक चाचणी करून बघा. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर किंवा गोल्फ क्लबच्या मैदानावर सावकाश अर्धा तास चाला. दुसऱ्या दिवशी सोमेश्वरला जा, धबधब्यापाशी तासभर बसा, चहा घ्या, घरी या. त्या दिवशी कसं वाटलं ते सोडून द्या; उत्साहाच्या भरात सगळ्यांनाच बरं वाटतं. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कसे उठता ते बघा. अंग मोडून आलं, दुपारी गळून झोपलात, कणकण वाटली, तर शरीर अजून उसनवारीवर चाललंय. आठवडाभराने पुन्हा करा.

माझा एकच हिशोब असतो. जाण्याइतकी ताकद सगळ्यांकडे असते. मी परत येण्याची ताकद विचारते. सहलीत ढासळलेली माणसं बहुतेक परतीच्या वाटेवर ढासळतात, कारण तोवर पथ्य सुटलेलं असतं, झोप मोडलेली असते आणि गाडी मात्र ठरल्या वेळेलाच सुटते.

नक्की किती दिवस थांबायचं? आकडा सांगा ना.

काही बाबतीत आकडा आहे. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. विमान कंपन्या पोटाच्या मोठ्या ऑपरेशननंतर साधारण १० दिवस आणि दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर चार-पाच दिवस थांबा म्हणतात. त्यानंतरही नुकत्याच ॲडमिट झालेल्या माणसाकडून डॉक्टरांनी भरलेला फॉर्म मागू शकतात. तो वेळेत पाठवा, ओझर विमानतळाच्या काउंटरवर उभं राहून वाद घालण्यात अर्थ नाही. फुप्फुसाभोवती हवा साठली होती असं फाइलमध्ये लिहिलं असेल, तर छातीरोगतज्ज्ञांनी लेखी दिल्याशिवाय विमान नाहीच. विमानाच्या आत हवेचा दाब १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तितका कमी असतो. कळसूबाई १६४६ मीटर, यावरून अंदाज करा.

आपल्या नाशिकच्या माणसानं ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट: डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनमध्ये कधी कधी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. उंचीवर गेलं की तो फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. विमान बंद, हे सगळे सांगतात. पण मुंबईत ऑपरेशन करून कसारा घाटानं घरी यायचं म्हणजे समुद्रसपाटीवरून जवळपास ६०० मीटर वर यायचं, हे मुंबईच्या डॉक्टरांच्या लक्षात येईलच असं नाही. तुम्ही स्वतःहून विचारा. मोतीबिंदूच्या साध्या ऑपरेशनला हे लागू नाही.

बाकी न्यूमोनिया, कावीळ, हार्ट अटॅक यांना एकच आकडा लावता येत नाही. न्यूमोनियात ताप आठवड्यात जातो, पण खोकला आणि थकवा महिना-दोन महिने रेंगाळू शकतो.

रेल्वे, एसटी की स्वतःची गाडी?

मुंबईला जायचं असेल तर रेल्वे, डोळे झाकून. उठून उभं राहता येतं, दोन पावलं चालता येतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डब्यात संडास असतो. आजारातून उठलेल्या माणसाच्या पोटाचा भरवसा नसतो. पंचवटी एक्सप्रेस सकाळची आणि ओळखीची. शिर्डीची वंदे भारतही नाशिकरोडला थांबते. अडचण गाडीत नाही, गाडीपर्यंत पोचण्यात आहे. नाशिकरोड स्टेशन शहरातल्या सीबीएस बसस्थानकापासून नऊ-दहा किलोमीटर, त्यात द्वारका चौकातली गर्दी. अर्धा तास जास्तीचा धरा. लिफ्ट किंवा सरकता जिना चालू असेलच यावर विसंबू नका, आणि बॅग पेशंटच्या हातात देऊ नका, कितीही "हलकीच आहे" म्हणाला तरी.

रात्रीच्या गाडीत खालचा बर्थ हवा. पुरुष ६० च्या आणि बायका ४५ च्या पुढच्या असतील तर सिस्टीम खालचा बर्थ द्यायचा प्रयत्न करते. पस्तिशीतल्या डेंग्यूवाल्याला ती सवलत नाही. तिकीट काढताना "लोअर बर्थ मिळाला तरच बुक करा" असा पर्याय असतो, तो निवडा. वरच्या बर्थवर चढताना चक्कर आली तर धरायला काही नसतं.

पुण्याला मात्र सोयीची रेल्वे नाही, त्यामुळे सिन्नर, संगमनेर, नारायणगाव असा २१० किलोमीटरचा रस्ता. एसटीनं जाणार असाल तर मधली, चाकावर नसलेली सीट घ्या. ७५ च्या पुढच्यांना एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ ला आणि सगळ्या बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आजी-आजोबांचा आग्रह एसटीचाच असतो. चालेल, पण थांबा कुठे आणि किती वेळ, ते कंडक्टरला चढतानाच विचारून घ्या आणि "पेशंट आहे" हे सांगून ठेवा. आपले कंडक्टर वेळ पडली तर ढाब्याआधीही गाडी बाजूला घेतात. खासगी स्लीपर बस मी आजाऱ्याला सुचवत नाही. झोपायला मिळतं खरं, पण गतिरोधकावर उडायलाही होतं, आणि मध्यरात्री ड्रायव्हरला गाडी थांबव म्हणणं हे सगळ्यांना जमत नाही.

स्वतःची गाडी सोयीची, पण ती दुसऱ्यानं चालवायची. सर्दी-खोकल्याच्या कित्येक औषधांनी झोप येते आणि अशक्तपणात प्रतिक्रिया मंदावते. समृद्धी महामार्ग इगतपुरीहून पुढे भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाल्यापासून मुंबईची वाट सुटसुटीत झाली. कसारा घाटाची वळणं टळतात. मात्र इंटरचेंज आल्याशिवाय खाली उतरता येत नाही आणि जुन्या हायवेसारखी पावलोपावली हॉटेलं नाहीत. चढण्याआधी लघवीला जाऊन या. पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल तर सीटबेल्ट आणि टाक्यांच्या मध्ये छोटी उशी ठेवा. बेल्ट काढून बसू नका.

कोणत्याही वाहनात चार तासांहून जास्त सलग बसणं पायांच्या शिरांना मानवत नाही, त्यात नुकतं ऑपरेशन झालेलं किंवा बरेच दिवस झोपून काढलेले असतील तर रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. तासा-दीड तासानं उतरा, बसल्या जागी घोटे फिरवा, पाणी पीत राहा. एकच पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली तर घरी जाऊन बघू असं म्हणू नका.

घाटात मळमळतं. गोळी घेऊ का?

घेता येते, निघण्याच्या अर्धा-एक तास आधी; पण तिनं गुंगी येते आणि चालू औषधांबरोबर चालते का ते केमिस्टला नव्हे, डॉक्टरांना विचारा. पुढच्या सीटवर बसा, नजर दूर रस्त्यावर ठेवा, मोबाइल बंद. रिकाम्या पोटी निघू नका. आणि एक पिशवी हाताशी, डिकीत नाही.

वाटेत काय खायचं? मिसळ अगदीच नको का?

अगदीच नको. नाशिक सोडताना मिसळ न खाणं जिवावर येतं, मान्य आहे, पण तर्रीवाली मिसळ टायफॉइडमधून उठलेल्या आतड्याला झेपत नाही. महिन्याभरानं खा, मिसळ कुठे जात नाही.

घरून न्या: मऊ दशम्या, मेतकूट-भात, मुगाची खिचडी (चार तासांच्या आत संपवायची, नंतर टाकून द्यायची), राजगिऱ्याचे लाडू, लाह्या, केळी. ताक घरचं असेल तरच. पाणी उकळलेलं किंवा सीलबंद बाटलीचं, आणि कुठल्याही पेयात बर्फ नको. टायफॉइड आणि कावीळ ही दोन्ही दूषित पाण्यानं, अन्नानं होतात; एकदा भोगून पुन्हा त्याच वाटेला जाण्यात शहाणपण नाही.

इथे उसाच्या रसाबद्दल बोलायलाच हवं. काविळीवर उसाचा रस चांगला, हे आपल्याकडे घराघरात सांगतात. रसानं साखर मिळते, तरतरी येते, एवढंच. कावीळ त्यानं उतरत नाही. उलट सिन्नर फाट्यावरच्या गुऱ्हाळात माश्या बसलेला ऊस, बर्फाचा चुरा आणि बादलीत विसळलेले ग्लास, ही हिपॅटायटिस ए आणि ई या काविळीच्या दोन्ही विषाणूंना मोकळी वाट आहे. ऊस घरी आणून, धुऊन रस काढलात तर माझी हरकत नाही. कावीळ झालेल्यानं दारू पूर्ण बंद, त्यात वायनरीची "नुसती चव बघू"सुद्धा आली. नाशिकला आलेल्या पाहुण्यांना वायनरी दाखवायची असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणालातरी पाठवा.

ओआरएसच्या पुड्या सोबत असू द्या. मोठी पुडी एक लिटर पाण्यातच मिसळायची, ग्लासभर पाण्यात अर्धी पुडी असा अंदाज नको. आणि कालवलेलं पाणी २४ तासांनंतर ओतून द्यायचं. पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आहे का ते वाचा. टेट्रापॅकमधली गोड पेयं ही ओआरएस नव्हेत, जुलाब होत असताना त्यातली साखर त्रास वाढवते. मधुमेह असेल तर पुडीबद्दलही आधी विचारून ठेवा.

औषधं कशी न्यायची?

हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. सहलीचे जितके दिवस त्याच्यावर तीन-चार दिवसांचा साठा जास्त. पाकिटातून सुट्या काढलेल्या गोळ्या डबीत भरून नेऊ नका, पट्टीसकट न्या, म्हणजे परगावच्या डॉक्टरला नाव वाचता येईल. डिस्चार्ज कार्ड, शेवटचे रिपोर्ट आणि चिठ्ठी यांचे फोटो दोन मोबाइलमध्ये.

इन्सुलिन बंद गाडीत ठेवून जेवायला जाऊ नका. एप्रिल-मेच्या उन्हात अर्ध्या तासात गाडीची भट्टी होते. वापरात असलेली बाटली किंवा पेन फ्रीजविना साधारण चार आठवडे चालतं, फक्त ऊन आणि तापलेली गाडी टाळायची. बर्फाला थेट चिकटवायचंही नाही.

लहान मुलांचं अँटिबायोटिक पातळ औषध, विशेषतः अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड, एकदा पाणी घालून कालवलं की फ्रीजमध्ये ठेवावं लागतं आणि आठवडाभरच टिकतं. दोन दिवसांच्या प्रवासात हे जमत नाही. बालरोगतज्ज्ञांकडे पाण्यात विरघळणाऱ्या गोळीचा पर्याय विचारा, किंवा कोरडी बाटली नेऊन मुक्कामी कालवा.

सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सीसायक्लिन ही औषधं दूध, दही, कॅल्शियम, लोहाच्या गोळीबरोबर घेतली तर नीट लागू पडत नाहीत. डॉक्सीसायक्लिननं उन्हात कातडी लवकर भाजते, समुद्रकिनारी जाणार असाल तर लक्षात ठेवा, आणि ती गोळी घेऊन लगेच आडवं होऊ नका. डेंग्यूनंतर अंगदुखीसाठी पॅरासिटामॉलच, तेही मात्रेत. आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफिनॅक स्वतःच्या मनानं नाही. कावीळ झालेल्यानं मात्र पॅरासिटामॉलही विचारल्याशिवाय घेऊ नये.

वणीचा नवस बोललो होतो. बरा झालो की लगेच फेडायला हवा ना?

हा प्रश्न मला बहुतेक आईकडून येतो, पेशंटकडून नाही. सप्तशृंगीला जा जरूर, पण पायऱ्या चढूनच, अनवाणी, नवरात्राच्या गर्दीत, असं काही देवीनं सांगितलेलं नाही. पायऱ्या पाचशेच्या आसपास आहेत. २०१८ पासून वर जायला फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, ती याच कामासाठी आहे. आठवड्यातला मधला दिवस निवडा, सकाळी लवकर जा, जेवून परत या.

त्र्यंबकेश्वरला दर्शनाची रांग हीच खरी चढण असते, तासन् तास उभं राहावं लागतं. बसायला हलकं घडीचं स्टूल न्या. कुशावर्तात स्नान, टाके किंवा उघडी जखम असेल तर नको. तीर्थ डोक्याला लावा, झालं. ब्रह्मगिरीची फेरी या श्रावणात राहू द्या, तिसऱ्या सोमवारच्या गर्दीत चिखलातून रात्रभर चालणं धडधाकट माणसाची परीक्षा पाहतं. निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर वारीला जायचं असेल तर पंढरपूरपर्यंत पूर्ण नाही, एखादाच टप्पा चाला आणि गाडीनं घरी परत या. वारकऱ्यांत अशा माणसाला कुणी हसत नाही.

उपास धरून प्रवास करू नका. गोळ्या जेवणानंतरच्या असतात आणि साबुदाण्याची खिचडी हे पथ्याचं जेवण नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना मी एवढंच सांगते की नवस फेडायची मुदत संपत नाही.

चारधाम, अमरनाथ, लेहचं बुकिंग आहे. कमी जोखमीचं कोणतं?

या वर्षी कुठलंच नाही. केदारनाथ साधारण ३५८० मीटर, अमरनाथची गुहा ३८८८, लेह ३५०० च्या घरात. नाशिक ६०० मीटरवर. वर प्राणवायू कमी, त्यात टायफॉइडनंतर रक्त कमी झालेलं किंवा न्यूमोनियानंतर फुप्फुसं अर्धीमुर्धी भरून आलेली, मग नुसतं बसूनही धाप लागते. अमरनाथला आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचं आहे आणि १३ च्या आतल्यांना, ७० च्या पुढच्यांना नोंदणीच मिळत नाही. तो नियम असाच केलेला नाही. ओळखीच्या डॉक्टरकडून तपासणीविना सही आणणारे लोक मला भेटतात. मी त्यांना माझ्या गटात घेत नाही.

हवापालटानं लवकर बरं वाटतं म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं. देवळालीत आजारातून उठलेल्यांनी येऊन राहावं म्हणून सॅनिटोरियम बांधली गेली, तेव्हा लोक तिथे येऊन महिना-महिना राहत. सकाळी फिरणं, वेळेवर जेवण, दुपारी झोप. गुण त्या बसून राहण्यात होता. आपण आता हवापालट म्हणतो आणि दोन दिवसांत भंडारदरा, रंधा, अकोले, शिर्डी करून येतो. ही हवापालट नव्हे, धावपळ.

जायचंच असेल तर एकच ठिकाण, एकच खोली, तळमजला, निदान तीन रात्री. इगतपुरी, भंडारदरा दिवाळीनंतर छान. भर पावसात नको, धुकं आणि ओल दमा किंवा छातीच्या आजारातून उठलेल्याला बाधते. चिकनगुनियातून उठलेल्यांनी थंडीतलं ठिकाण निवडताना विचार करावा, सांधे महिनोन्महिने सकाळी आखडतात आणि गारठ्यात आणखी कुरकुरतात. खोली घेताना मी तीन गोष्टी फोनवरच विचारते: कमोड आहे का, गरम पाणी दिवसभर असतं का, जवळचा दवाखाना किती लांब. "निसर्गरम्य" असल्याचं ते आपणहून सांगतात.

मध्ये एका सहलीत कावीळ होऊन गेलेले एक काका होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, मी काही बघणार नाही, तुम्ही फिरून या. आम्ही धरण, देवळं, पॉइंट करत हिंडलो आणि संध्याकाळी येऊन बघतो तर काका ओसरीत खुर्ची टाकून मालकिणीच्या शेंगा निवडून देत बसलेले. परतीच्या बसमध्ये एकटे तेच जागे होते.

मी लग्नाला गेलो तर माझ्यामुळे दुसऱ्यांना होईल का?

डेंग्यू, चिकनगुनिया माणसाकडून माणसाला थेट लागत नाहीत, डास लागतो. ताप असताना पहिल्या चार-पाच दिवसांत तुम्हाला चावलेला डास पुढे पसरवतो, म्हणून त्या काळात मच्छरदाणी. टायफॉइड हातांतून जातो. बरं वाटू लागल्यावरही काही दिवस, कधी महिनोन्महिने, शौचातून जंतू जात राहू शकतात, त्यामुळे लग्नघरी वाढायला किंवा स्वयंपाकात हात लावायला पुढे होऊ नका आणि साबणानं हात धुवा. हिपॅटायटिस ए डोळे पिवळे झाल्यापासून साधारण आठवडाभर लागण करू शकतो. घरात कुणी गरोदर असेल तर काविळीच्या बाबतीत जास्तच जपा, हिपॅटायटिस ई गरोदरपणात जिवावर बेततो. क्षयाच्या नेहमीच्या प्रकारात योग्य औषध नीट सुरू झाल्यावर दोनेक आठवड्यांत लागण बरीच कमी होते. तरी बंद डब्यातला प्रवास डॉक्टरांना विचारूनच.

तिकीट रद्द केलं तर पैसे जातील. काही उपाय?

घरातलं दुसरं कुणी जाणार असेल तर कन्फर्म तिकीट आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको यांच्या नावावर करून मिळतं. गाडी सुटण्याच्या २४ तास आधी आरक्षण केंद्रावर ओळखपत्र आणि नात्याचा पुरावा घेऊन जायचं. रद्दच करायचं असेल तर जितका उशीर तितकी जास्त कपात, म्हणून "बघू उद्यापर्यंत" करत बसू नका. प्रवास विमा काढताना आजार लपवला तर दावा फेटाळतात. आणि खरं सांगू, नाशिक-मुंबईच्या दोन तिकिटांचे पैसे वाचवायला निघालेला माणूस मुंबईत एका रात्रीच्या ॲडमिशनला किती भरतो, ते एकदा विचारून बघा.

एकट्यानं जाऊ का?

पहिला प्रवास नको. जावंच लागलं तर दिवसाचं, थेट गाडीचं, आणि उतरवून घ्यायला कुणीतरी. खिशात कागद: नाव, रक्तगट, आजार, चालू औषधं, कशाची ॲलर्जी, घरचा नंबर. मोबाइल लॉक असतो, कागद नसतो. रुग्णवाहिकेला १०८, रेल्वेत १३९.

परत आल्यावर लगेच कामावर जायचं की?

रविवारी रात्री पोचून सोमवारी सातपूरला पहिल्या पाळीला हजर, असं आखू नका. मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, तो सहलीचाच दिवस धरा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत पुन्हा ताप आला तर तो जुनाच आहे असं गृहीत धरून उरलेल्या गोळ्या घेऊ नका. डॉक्टरांकडे जाऊन पहिलं वाक्य हेच सांगा: कुठे जाऊन आलो, कधी परतलो, तिथे डास होते का, पाणी कुठलं प्यायलो.